मोडकी खुर्ची, तिसरी घंटा आणि आपण : तुमचेही अनुभव येऊ द्या

माजघर
काल रात्री नाटकाला गेले होते. मुंबईची नाटकं आमच्या गावात वर्षातून चार-पाचदाच येतात. त्यातून आंब्याचा सीझन सुरू झाला की थेट पावसाळा संपेपर्यंत इथे कोणाला नाटक सुचत नाही. त्यामुळे प्रयोग लागला की मी नाव न बघता तिकीट काढते. या वेळी जी-१४ मिळाली. बसले मात्र आणि सीट पुढे घसरली. डावीकडचा बोल्टच नाही. बूड टेकलं की खुर्ची नमस्कार करते.

आणि एकदम लक्षात आलं, ही खुर्ची माझ्या ओळखीची आहे!

२००४ साल. आमचं ठरलं होतं, साखरपुडा व्हायचा होता. ह्यांनी नाटकाची दोन तिकिटं काढली, आणि मागच्या रांगेत दोन्ही घरची मिळून सात माणसं 'सहज' आलेली. मी नवी कोरी नारायणपेठ नेसून ऐटीत जी-१४ वर बसले ती सरळ खाली सरकले. अख्खा पहिला अंक दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देऊन काढला. पोटऱ्या भरून आल्या. हे हळूच म्हणाले, "नाटक आवडत नाहीये का? चेहरा असा का?" मी म्हटलं, "छे, आवडतंय की." आता पहिल्या भेटीत काय सांगणार, खुर्ची मोडकी आहे म्हणून! मध्यंतरात हे बटाटेवडे आणायला गेले ते दुसरा अंक सुरू झाल्यावर उगवले. वडेवाल्याकडे सुट्टे नव्हते आणि पन्नासची नोट सोडून यायला ह्यांचा जीव होईना. वडा थंड, चटणी साडीवर. मागून सासूबाईंनी वाकून पदर पुसून दिला, तीच आमची पहिली ओळख.

मधल्या काळात खुर्च्यांना नवं कापड चढलं, तिकिटं वाढली, एसी आला (चालतो कधीकधी), बोल्ट तेवढा आला नाही. बाहेर पडताना मॅनेजरना सांगितलं तर म्हणाले, लेखी द्या. २००४ साली पण हेच ऐकलं होतं, तेव्हा मॅनेजर दुसरे होते. हे काल आले नव्हते, मॅच होती. घरी येऊन सांगितलं तर म्हणतात, "म्हणजे तेव्हा तुला नाटक आवडलं होतं?"

रात्री एकटीच हसत होते. तर लिहा बरं. नाटक, सिनेमा, जत्रा, कीर्तन, गाणं, कुठेही हौसेने गेलात आणि काय काय झालं. मोठं दुःख नको. बोल्टाएवढंच.

कोकमआगळ
पहिला नंबर माझा! वाचतेय. भाकऱ्या टाकून येते मग लिहिते.

घाटवळण
नेपथ्याचा ट्रक. एवढं म्हटलं तरी आमच्या चिपळूणच्या वयस्कर मंडळींना कळेल.

कशेडीचा बोगदा व्हायच्या खूप आधीची गोष्ट. थंडीचे दिवस, शाळेच्या पटांगणात प्रयोग, साडेनऊची वेळ. नट मंडळी बसने आधीच येऊन बसलेली, पण सामानाचा ट्रक घाटात. पुढे कोणाचा तरी टँकर कलंडलेला, दोन्हीकडे रांगा. तेव्हा मोबाइल कुठले, एक जण मोटरसायकल घेऊन बघायला गेला तो पण तिकडेच अडकला. साडेदहा वाजले, अकरा वाजले. पोरं आयांच्या मांडीवर झोपली. लोक उठून जातील म्हणून आयोजकांनी गावच्या नमनवाल्यांना हाक मारली. त्यांच्याकडे मृदंग होताच. गण झाला, गवळण झाली, मावशीने तर नटांच्या बसवर पण दोन टोमणे मारले. मुंबईचे नट पुढे सतरंजीवर बसून बघत होते आणि हसून लोळत होते. म्हणजे पैसे आम्ही भरले आणि करमणूक त्यांची झाली.

पावणेएकला ट्रक आला. उतरवायला माणसं कमी, म्हणून प्रेक्षकांतले आम्ही वीसेक जण धावलो. सोफा मी उचललाय वो. दुसऱ्या अंकात हिरोइन त्याच सोफ्यावर बसून रडली, सगळं पटांगण हुंदके देत होतं, मला काही रडू येईना. पाठ धरली होती.

खाडीपलीकडे
माजघरताई, नाटक कुठलं होतं ते सांगितलंच नाहीत.

माजघर
कालचं की २००४ चं? दोन्ही नीट दिसली नाहीत.

पायपेटी
आमच्या सिंधुदुर्गात खुर्चीच नसता, मगे मोडतली खय?

जत्रेतला दशावतार बघायचा म्हणजे गोणपाट. कार्तिकी पौर्णिमा झाली की आमच्याकडे आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. साल १९९६ किंवा ९७. आईने रात्री नऊलाच मला देवळासमोर गोणपाट घालून जागा धरायला बसवलं. पालखीच्या प्रदक्षिणा होईपर्यंत मध्यरात्र उलटते, खेळ त्यानंतर. मी दहावीत. तीन तास एकटा गोणपाटावर बसून काय करू? उठलो, ओट्या बघितल्या, भजी खाल्ली, कॅरमच्या सोंगट्या घेतल्या. परत येऊन बघतंय तर आमच्या गोणपाटार तिसऱ्याच गावची माणसा घोरत पडलेली! एका आजीला उठवलं तर म्हणते, "झिला, हो गोणपाट तुझो म्हणान खय लिवलला आसा?" शेवटी आम्ही घरचे सगळे तिच्या पायाशी बसलो.

पण खेळ असा रंगला म्हणून सांगू. आधी आड दशावतार, गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, मग काळा संकासुर आला तशी लहान पोरं किंचाळून आयांच्या कुशीत. त्यानंतर आख्यान. कागदावर लिहिलेलं एक अक्षर नाही, संध्याकाळी ठरवायचं कोणी काय करायचं आणि रात्री उभं राहून बोलायचं. एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रथ, तेच कैलास. पायपेटीवाला राजाच्या तोंडाकडे बघून सूर धरतो. (माझं इथलं नाव तिथून आलंय.) राणी झालेला माणूस पदर असा सावरायचा की माझी मावशी म्हणाली, "मेल्याकडसून शिकूक व्हया."

आता वैताग. एक, उठलो तेव्हा चपला गेल्या. त्या जागी दोन डाव्या पायाच्या होत्या. दोन, जत्रेत अर्धा किलो खाजा घेतला, घरी आणून तराजूत टाकला तर पावणेचारशे ग्रॅम. पण ते कळायच्या आधीच मला सांगणारा भेटला होता. पहाटे गाडीची वाट बघत उभे होतो, तर रात्रीचा राजा शेजारी. तोंडावर अजून रंग, डोक्यावर ट्रंक. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी बघितलं. त्याने माझ्या हातातली पुडी बघितली. "खाजो कोणाकडसून घेतलंस? त्या कोपऱ्यातल्याकडसून?" मी मान हलवली. राजा म्हणाला, "मगे फसलंस."

कोकमआगळ
"मगे फसलंस" वाचून तव्यावरची भाकरी राहिली. करपली. ही दुसरी.

खाडीपलीकडे
दोन डाव्या चपला हाहाहा. म्हणजे कोणीतरी दोन उजव्या घालून घरी गेलं.

बाल्कनी_उजवी
खाज्यात आलं हवंच. नुसत्या गुळाचा खाजा मी खात नाही.

पायपेटी
आल्याशिवाय तो खाजा नाहीच. आणि खटखटे लाडू विसरलात काय?

बाल्कनी_उजवी
विसरले नाही, दाढ गेलीये. त्याच लाडवावर.

कोकमआगळ
आले. तिसरी चांगली फुगली.

माझं लहानपण टॉकीजमध्ये गेलं. गावाचं नाव नको, ती टॉकीज पाडून आता तिथे कपड्याचं दुकान झालंय. एकच प्रिंट दोन गावांत चालवायचे. म्हणजे शेजारच्या गावात पहिलं रीळ संपलं की एक पोरगा सायकलवरून ते आमच्याकडे आणणार, मग आमचा खेळ सुरू. एकदा मध्यंतरानंतरचं रीळ येईचना. पडद्यावर साबणाची जाहिरात, दंतमंजनाची जाहिरात, परत साबण. तिसऱ्यांदा साबण आल्यावर पुरुषांच्या बाजूने कोणी तरी ओरडलं, "अरे आंघोळ झाली आमची!" पोरगा पंक्चर काढत बसला होता. अर्ध्या तासाने आला तो घामाघूम, आणि आणलेलं रीळ शेवटचं! आधी सगळ्यांची लग्नं झालेली बघितली आणि मग ते कसे भेटले ते. आई म्हणाली, बरं झालं, काळजी नाही राहिली.

अलिबागहून
आमचं दुःख वेगळं. आम्हाला नाटकांचे शेवट माहीत नाहीत.

दादरला रविवारी दुपारी चारचा प्रयोग, सकाळच्या लाँचने जायचं, संध्याकाळी गेटवेवरून शेवटची लाँच पकडायची, तासाभरात मांडवा, तिथून बसने घरी. कागदावर एकदम छान. प्रत्यक्षात नाटक चार-वीसला सुरू होतं, मध्यंतर लांबतं, आणि शेवटच्या प्रवेशाच्या आधी बाबा घड्याळ बघून "चला" म्हणतात. आम्ही पाच जण वाकून, लोकांच्या गुडघ्यांवरून, सॉरी सॉरी करत बाहेर. एकदा तर स्टेजवरचा नट आमच्याकडे बघत राहिला. टॅक्सीत बसल्यावर आई आणि आत्या मिळून शेवट काय असेल ते ठरवायच्या. आत्याच्या शेवटात नेहमी सगळे एकत्र यायचे.

एक रहस्यनाटक होतं. खून कोणी केला ते मला अजून माहीत नाही. तीस वर्षं झाली.

जून ते ऑगस्ट तर लाँच बंदच, मग रस्त्याने वडखळमार्गे, त्या रस्त्याचं बोलायलाच नको. पुढे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली, म्हटलं आता गाडी घेऊन जाऊ आणि पडदा पडेपर्यंत बसू. १५ मार्च २०२० ला सुरू झाली. मी लगेच दोन आठवड्यांनंतरच्या प्रयोगाची तिकिटं काढली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

घाटवळण
खून नोकराने केला.

अलिबागहून
दादा तुम्हाला नाटकाचं नाव तरी कुठे सांगितलं?

घाटवळण
नोकरच असतो वो.

छापील_किंमत
माझा विषय आला नाही अजून म्हणून लिहितो.

नाटकाची चार तिकिटं मोबाइलवरून काढली. तिकीट ३०० चं. पाचशेपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणून खुशीत होतो. शेवटी बिल बघतो तर प्रत्येक तिकिटामागे सोयीचं शुल्क, आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. सोय कोणाची? खिडकीवर गेलो असतो तर चालत दहा मिनिटं. पुढे नटाचा घसा बसला, प्रयोग रद्द. तिकिटाचे पैसे परत आले, शुल्क आलं नाही. म्हणजे न झालेल्या नाटकाची सोय मी पैसे देऊन घेतली.

दुसरं, पाण्याची बाटली. छापील २०, मागितले ३०. म्हणे थंड करायचे दहा. त्याला सांगितलं, छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, वर थंड करायचे वेगळे लावता येत नाहीत. तो म्हणाला, मग गरम घ्या. तिथेच उभं राहून १९१५ ला फोन लावला, ग्राहक हेल्पलाइन. तक्रार क्रमांक मिळाला. तोवर तिसरी घंटा झाली, पहिला प्रवेश बुडाला. पण मध्यंतरात तो स्वतः येऊन दहा रुपये देऊन गेला. एक-एकची नाणी.

कोकमआगळ
दहा रुपयांसाठी प्रवेश बुडवलात!

छापील_किंमत
कोकणी माणूस आहे ताई. हातभर बांधासाठी आमची तिसरी पिढी कोर्टात आहे, दहा रुपये तर रोख होते.

खाडीपलीकडे
सिनेमाला डबा नेऊ देत नाहीत त्याचं काय? आमच्या काकूच्या पर्समधून कांदेपोहे काढून घेतले होते.

छापील_किंमत
ते त्यांना करता येतं. जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बाहेरचे पदार्थ नको म्हणायचा थिएटरला अधिकार आहे. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं. ते मागा. आणि काकूंचे पोहे परत दिले का?

खाडीपलीकडे
दिले. डबा हलका लागत होता म्हणे.

बाल्कनी_उजवी
माजघरताई, तुमच्याच गावची आहे मी, बहुतेक तेच नाट्यगृह. मागच्या हिवाळ्यातला प्रसंग. स्टेजवर एकदम गंभीर, बाप मरायला टेकलाय, मुलगा पाय धरतोय. आणि खालून फोन. बाईंनी तो घेतला! "हां बोल. नाटकात आहे. आमटी आहे ती गरम कर. बांगडे खा. सुरमई नको काढू, उद्या पाहुणे आहेत. अरे खालच्या कप्प्यात. नाही, सुरमईला हात नको लावू सांगितलं ना." स्टेजवर सगळे गप्प. मरणारा बाप पण थांबला. बाईंनी फोन ठेवल्यावर तो अंथरुणातून मान वर करून म्हणाला, "पाहुणे किती वाजता येणार, काकू?"

सगळं थिएटर कोसळलं. नंतर त्याला मरायला दहा मिनिटं लागली, लोक हसायचे थांबेचनात.

माजघर
मी होते त्या प्रयोगाला! त्या बाई कोण ते मला माहीत आहे पण लिहिणार नाही. सुरमई चांगली करतात.

खाडीपलीकडे
फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर. मे महिन्यात मुंबईचे मेहुणे आले, हायवेवर पेटी घेतली. मी म्हटलं होतं, आपल्या बागेतले नेऊ, तर म्हणे तुम्हाला कशाला त्रास. वरचा थर हापूस, खाली गवत बाजूला केलं तर भलतंच फळ, दिसायला तसंच, देठापाशी वासच नाही. २०१८ ला हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण गवताखाली कोण बघतो. सगळे कापून झाल्यावर मेहुणे म्हणाले, यंदा कोकणातल्या आंब्याला चव नाही. माझं बीपी

माजघर
अहो आंबा इथे नको, वेगळा काढू. एकदा आंबा सुरू झाला की नाटक संपलं.

खाडीपलीकडे
बरं. पण माझं वाक्य अर्धंच राहिलं. बीपी वाढलं, एवढंच.

पडद्यामागे
सगळे प्रेक्षक लिहितायत, मी स्टेजवरून लिहितो. बँकेत नोकरी, वर्षातले दोन महिने हौशी नट. बायकोच्या भाषेत 'दिवाळीनंतर येणारा आजार'.

राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग. तालमी शाळेच्या वर्गात, बाकं सरकवून, कारण हॉलचं भाडं झेपत नाही. प्रयोगाच्या दिवशी समोर तीन परीक्षक आणि आमचे नातेवाईक धरून चाळीसेक माणसं. दुसऱ्या अंकात माझं स्वगत, पाच मिनिटांचं. दुसऱ्या मिनिटाला वीज गेली. मिट्ट काळोख. जनरेटर होता, पण त्याची किल्ली ज्याच्याकडे तो वडा खायला गेलेला. विंगेतून दिग्दर्शक कुजबुजतोय, "थांबू नको, बोलत राहा." मी बोलत राहिलो. कुठे तोंड करून बोलतोय ते मला कळत नव्हतं. मग माझ्या मेहुणीने मोबाइलचा टॉर्च लावला, तिचं बघून आणखी पाच-सहा जणांनी. खालून, तिरका, थरथरता उजेड, मागच्या पडद्यावर माझी ही एवढी सावली. स्वगत संपलं आणि त्याच क्षणी वीज आली. टाळ्या!

निकाल लागला. आम्हाला त्या वर्षी एकच बक्षीस. प्रकाशयोजनेचं.

घाटवळण
मेहुणीला दिलंत का ते?

पडद्यामागे
प्रमाणपत्र तिच्याकडेच आहे. फ्रेम करून.

नातू_नंबर_चार
आजी ८० ची. पंच्याहत्तरनंतर एसटी फुकट झाल्यापासून (ऑगस्ट २०२२) ती घरात सापडत नाही. कीर्तन, भजन, कोणाची पासष्टी, सगळीकडे. रत्नागिरीला गाण्याचा कार्यक्रम होता संध्याकाळी, तर म्हणाली सकाळीच जाऊ, थिबा राजाचा वाडा बघू. रस्ताभर मला शिकवत होती, ब्रह्मदेशचा राजा, १८८५ साली इंग्रजांनी पकडून आणला, वाडा बांधला १९१० ला, आणि सहा वर्षांत बिचारा तिथेच गेला. "एवढा मोठा वाडा, पण माहेरी जायची सोय नाही," हे तिचं मत. राजाचं माहेर.

पोचलो तर संग्रहालय बंद. सोमवार. बघून निघायला हवं होतं, चूक माझी. आजी म्हणाली, "त्याला बाहेर पडता येत नव्हतं, आपल्याला आत जाता येत नाही. चल." मग थिबा पॉइंटवर बसून तिने पिशवीतून घावणे काढले, खाली खाडी, भाट्याचा पूल, समुद्र. तीन तास आम्ही तिथेच. तिने मला तिच्या लग्नातलं सगळं गाणं म्हणून दाखवलं. संध्याकाळी गाण्याला गेलो तर पुढच्या तीन रांगांवर 'राखीव' चिठ्ठ्या, मागे माइकचा खरखराट, गाणं काही धड ऐकू आलं नाही. परत येताना रिक्षावाल्याने दुप्पट मागितले. आजी त्याला म्हणाली, "मी फुकट आलेय, सवय बिघडवू नको." त्याने मीटरने सोडलं.

अलिबागहून
आजींना नमस्कार. माझे बाबा ७३ आहेत. दोन वर्षं आता कुठे जाणार नाही म्हणतात, उगाच अर्धं तिकीट कशाला.

कोकमआगळ
आईला सांगा जायला, बायकांना तसंही सगळ्या वयात अर्धंच आहे.

अलिबागहून
ती जाते. शेवटपर्यंत बसून येते आता. येऊन आम्हाला शेवट सांगते, पण मधलं विसरते.

माजघर
सगळ्यांचं वाचलं, उत्तरं एकेकाला देते सवडीने, पाहुणे आहेत. (सुरमई नाही.) लेखी दिलं हो शेवटी. अर्ज केला, पोच घेतली, 'खुर्ची क्र. जी-१४, डावा बोल्ट' असं ठळक लिहिलं. क्लार्कने विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, २००४. त्याने मान वर करून बघितलं, म्हणाला माझा जन्म २००१ चा.

पुढच्या रविवारी परत प्रयोग आहे. हे पण येतायत, मॅच नाहीये. या वेळी शहाणपणाने जी-१५ आणि १६ घेतल्यात.

बाल्कनी_उजवी
ताई, जी-१५ ची पाठ मागे पडते. म्हणून तर मी बाल्कनीत बसते.